भागीबाईंचा गॅलरीतला कूड

आमच्या शेजारच्या भागीबाई मूळच्या हरसूलकडच्या डोंगरातल्या. मुलगा दिनेश नोकरीला लागला आणि आईला पंचवटीत घेऊन आला. गावाकडे लग्नघरच्या भिंतींवर चित्रं काढायला त्यांना बोलावणं असायचं. इथे आल्यापासून हात रिकामे. टीव्हीसमोर बसायच्या, पण बघायच्या खिडकीकडे.

दिनेशच्या ते लक्षात आलं. त्याने मागची गॅलरी मोकळी केली, टेबल-खुर्ची मांडली, ट्यूब लावली, कागद नि रंगांच्या बाटल्या आणल्या. भागीबाई खुर्चीवर टेकल्या, कागदावरून हात फिरवला आणि उठल्या. भिंत पाहिजे, म्हणाल्या.

मग एका सकाळी कुणाला न विचारता त्यांनी जवळच्या एका गोठ्यातून शेण आणलं, गॅलरीची भिंत सारवली, वर गेरू दिला. सून सरिता मला म्हणाली, "काकू, एवढा हौसेने ऑइलपेंट दिलेला. आईंनी भिंतीचं पार गावचं घर करून टाकलं." हसत होती, पण कपाळावर आठी होती. दुपारी ऊन चढलं तसा सगळा लेप पापुद्रे सुटून खाली आला. त्या गुळगुळीत रंगाला शेण धरणार कसं?

भागीबाईंनी तो झाडून काढला. दिनेशला एवढंच म्हणाल्या, "बाजाराच्या दिवशी मला गावच्या गाडीत बसवून दे. या घराला भिंतच नाय."

त्या संध्याकाळी दिवा लावताना माझ्या मनात त्याच होत्या. देवा, गॅलरीत चार हात जागा आहे, तिथे त्यांचं तेवढं जमव, म्हटलं.

बाजाराच्या दिवशी दिनेश गेला खरा, पण एकटाच. येताना टेम्पोत कारवीच्या काठ्यांचा भारा. मायलेकांनी त्या गॅलरीत बसून विणल्या, दाराएवढा कूड बांधला, भिंतीला टेकवून उभा केला. त्यावर माती, शेण, गेरू. वाळला तरी लेप ढिम्म हलला नाही. सरिताने आपणहून पांढऱ्या रंगासाठी तांदूळ वाटून दिले.

मी हळदीकुंकू घेऊन गेले. आधी गणपती काढा, म्हटलं. भागीबाई हसल्या. "ताई, आमचे सूर्यदेव नि चंद्रदेव पयले. तुमचा गणपती येईल की मागून."

बांबूची काडी टोकाशी ठेचून त्या उकिडव्या बसल्या. सूर्य झाला, चंद्र झाला, गणपतीही झाला. मग आमच्या गल्लीतली रिक्षा, तिच्यात कोंबलेली माणसं. त्यातली सरिता मी पर्सवरून ओळखली.

तिन्हीसांजेला कूड खालपर्यंत भरला. काडी धुता धुता त्यांनी दिनेशला विचारलं, "दुसरा कधी बांधतो?"