मामांचे रोजचे मेल

लातूरच्या ऑफिसात बसून मी उंटावरून शेळ्या हाकायचो. आमची कंपनी दूध थंड करायच्या टाक्या दुरुस्त करते. मुरुडपासून पार किनवटकडच्या इस्लापूरपर्यंत गावोगावच्या दूध केंद्रांवर आमचे मेकॅनिक मोटारसायकलीवर फिरायचे, आणि मी त्यांचे फोन घेऊन कुणी कुठली टाकी दुरुस्त केली ते रजिस्टरात उतरवायचो. फोन म्हणजे काय विचारू नका! आधी तब्येत, मग पाऊसपाणी, मग कुणाची म्हैस आटली, आणि सगळ्यात शेवटी टाकी. माझं डोकं उठायचं.

म्हणून नवी पद्धत आली तेव्हा सगळ्यात जास्त खूश मी झालो. प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये कंपनीचा ईमेल. काम झालं की टाकीचा फोटो काढायचा, चार ओळी लिहायच्या आणि मला पाठवायचं. फोन बंद. सगळ्यांना शिकवायचं काम माझ्याकडं आलं, ते मी एका दुपारी उरकून टाकलं.

त्यात मामा होते. चाकूरचे, पन्नाशी उलटलेले, आमचे सगळ्यात जुने मेकॅनिक. आख्खं ऑफिस त्यांना मामाच म्हणायचं. टाकीला नुसता कान लावून बिघाड कुठं आहे ते सांगणारा माणूस. पण मेल पाठवला की पाठोपाठ त्यांचा फोन यायचाच, "साहेब, पोचला का?" आपल्याकडची रीतच ती. हातात चिठ्ठी दिली तरी माणूस विचारणार, मिळाली का म्हणून. पोचला म्हणालो तर पुढं, "वाचला का?" शिवाय रोज सकाळी त्याच मेलवर 'जय भीम, सुप्रभात' आणि खाली कमळाचं फूल.

एक दिवस मी खवळलो. "मामा, फोन करायचा नाही म्हणजे नाही! मेल केला की तो पोचतो. संपलं!"

"हाव साहेब," एवढंच म्हणाले बिचारे.

त्याच रागात मी कॉम्प्युटरवर त्यांच्या नावाचा वेगळा कप्पा केला. त्यांचा प्रत्येक मेल माझ्यासमोर न येता आपोआप तिकडं जाईल, अशी सोय करून ठेवली. सवडीनं बघू, म्हटलं. बाकीची पोरं गणपतीचे, बालाजीचे फोटो धाडायची. त्यांच्यासाठी मी कप्पा केला नाही. का केला नाही, हे स्वतःला विचारायला मला फार उशीर झाला. आणि कप्पा तर मी साफ विसरून गेलो.

तीन महिन्यांनी पुण्याहून मोठे साहेब आले. कुणाचे किती मेल माझ्यासमोर आले, ते मोजून यादी मीच काढली होती. मामांच्या नावापुढं काहीच नव्हतं. साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं तेव्हा मामा उठून उभे राहिले.

"रोज धाडून राहिलो साहेब. ह्याच्यात दिसतंय बघा," म्हणत त्यांनी मोबाइल माझ्यापुढं धरला.

मी तो बघितलासुद्धा नाही. "मामा, मशीन खोटं बोलत नसतं," म्हणालो. दोघं-चौघं हसले. त्या हसण्यानं मला बरं वाटलं होतं, आणि हे लिहिताना आज माझी मान वर होत नाही. एका केंद्राला फोन लावून विचारलं असतं तरी खरं कळलं असतं. पण फोन करायची पद्धत तर मीच मोडून टाकली होती. मामांचा करार पुढं वाढवला नाही. त्या महिन्यापासून ते घरी बसले.

दिवाळीनंतर इस्लापूरची टाकी बंद पडली. तिचा जुना फोटो शोधताना तो कप्पा सापडला. रोजचा एक मेल. टाकीचा फोटो, कुठला पट्टा बदलला, दूध किती थंड झालं, सगळं शिस्तीत. एकात लिहिलं होतं, 'हितं रेंज न्हाई, टेकाडावर चढून धाडतोय.' मी उठून दार लावून घेतलं आणि सगळे मेल वाचून काढले. शेवटचा मेल त्या मीटिंगच्या आदल्या दिवशीचा होता.

रविवारी चाकूरला गेलो. सगळं कबूल करायचं, मोठ्या साहेबांना सांगून मामांना परत कामावर घ्यायचं, असं ठरवूनच गेलो होतो. खरंच ठरवलं होतं. मामांनी दारातच हात जोडले, "जय भीम साहेब, या की, या!" मामींनी चहा टाकला. मी घसा खाकरला, तेवढ्यात मामाच बोलायला लागले.

"साहेब, तुमचा काई दोष न्हाई. हिकडून गेलेलं दिसतंय आन् तिकडं पोचत न्हाई, म्हंजी माझंच कायतरी चुकलं. तुमी येवढं शिकवलं, आन् मला जमलं न्हाई. लई वाईट वाटलं."

मग त्यांनी आतून एक वही आणली. मेल कसा पाठवायचा ते पायरी-पायरीनं लिहिलेलं होतं, एक ते नऊ, एकेका आकड्याभोवती गोल काढून. "रोज करून बघून राहिलो. जमलं तर पुन्हा घेतील म्हणतो मी. बघा बरं साहेब, नेमकं कुठं चुकतंय?"

मी नऊच्या नऊ ओळी वाचल्या. एकही चूक नव्हती. मामी चहाचा कप घेऊन उभ्या होत्या, माझ्या तोंडाकडं बघत. खरं बोललो असतो तर मामांना काम परत मिळालं असतं आणि माझी खुर्ची गेली असती. एवढंच होतं सगळं.

मी सातव्या ओळीवर बोट ठेवलं. "हितं चुकलंय मामा," म्हणालो.

मामांचा चेहरा उजळला. त्यांनी खिशातलं पेन काढलं, ती ओळ नीट खोडली आणि पेन तसंच वहीवर टेकवून माझ्याकडं बघितलं. "मंग सांगा साहेब, हितं काय लिहू?"