छपराच्या गाडीतलं बोलणं

"गाव कुठलं तुमचं, तात्या?" असं कुणी विचारलं की ते उजवा पाय जमिनीवर दोनदा आपटायचे, माती भरीव आहे का पोकळ ते बघितल्यासारखे, आणि सांगायचे, "सध्या हितं."

विचारणारा नवखा असला तर पुन्हा विचारायचा, "न्हाय, म्हंजी मूळ गाव?"

"त्ये व्हय? त्ये भावाला दिऊन टाकलं."

मग गाडीच्या छपराखालून अक्कांचा आवाज यायचा, "आन् भावजयीनं हसत घ्येतलं!"

त्यांचं नाव मी सांगत नाही. बारामती-इंदापूरच्या वाटांवर ज्यांनी ते दिवस काढलेत, त्यांना 'छपराची गाडी' एवढं म्हटलं तरी पुरे. बाकीच्यांनी असं समजावं, की आपल्याही भागात असं एखादं जोडपं होतं आणि आपणही त्यांच्याकडे बघत उभे राहायचो.

तात्या म्हणजे कालव्याच्या एका दारावर तीस वर्षं काढलेले पाटकरी. पाणी सोडायचं, बंद करायचं, पाळी कुणाची ते बघायचं. दार सोडून हलायची सोय नव्हती. अक्कांचे वडील वारले तेव्हासुद्धा त्या एकट्याच गेल्या. नोकरीतून सुटल्यावर महिन्याच्या आत तात्यांनी इंदापूरच्या एका सुताराकडून गाडी बांधून घेतली. नेहमीच्या गाडीपेक्षा हातभर लांब, वर कामट्यांचं छप्पर, छपरावर डांबर दिलेलं ताडपत्र. आत एक सागवानी पेटी, तिच्यावर गोधड्या. मागच्या फळीवर पत्रा ठोकून मातीची चूल बसवलेली. तुपाच्या रिकाम्या डब्यात तुळस, तीही मागं टांगलेली. पुढं दोन खिलारी बैल. एवढ्यात दोघांचा संसार.

अक्का रोज सकाळी, गाडी जिथं सुटली असेल तिथं, सडा टाकून फळीपुढं रांगोळी काढायच्या. गाडी दुपारी हलणार असली तरी काढायच्या. गाडी गेल्यावर मोकळ्या रानात ती रांगोळी कुठल्याच दारापुढं नाही अशी पडून राहायची आणि गुरं राखणारे तिला वळसा घालून जायचे.

पोटासाठी तात्या मोसंबीचे डोळे भरायचे. जंबुरीच्या, म्हणजे रानटी लिंबाच्या, रोपाची साल चिरायची, तिच्यात मोसंबीचा डोळा सरकवायचा आणि केळीच्या सोपटानं बांधायचा. त्यांनी भरलेला डोळा शंभरात चार-दोनच वाया जायचा, म्हणून थंडीत त्यांना बागाबागांतून बोलावणं असायचं. कळंब, वडगाव निंबाळकर, मग आमचं पणदरे. एका बागेत आठ दिवस. नववा दिवस मी कधी पाहिला नाही.

आता माझं सांगतो. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. हे बढाई म्हणून सांगत नाही असं म्हणायची रीत आहे, पण मी बढाई म्हणूनच सांगतो, कारण ती कमावलेली आहे. पुण्यात वार लावून जेवलो, बी.ए. झालो, बारामतीच्या हायस्कुलात मास्तर झालो. दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. विजेचा दिवा होता. बायकोला गावाकडून आणलं तेव्हा तिला आधी मी बटण दाबून दाखवलं.

शनिवारी शाळा सुटली की आम्ही पणदऱ्याला जायचो. गाडी आमच्या बागेत सुटलेली असली की बायको घरात टेकायचीसुद्धा नाही. तडक तिकडं. माझे वडील, आबा, ते तर दिवसभर तिथंच. माझ्याशी ते वर्षात जेवढे शब्द बोलत, तेवढे तात्यांशी एका रोपामागं बोलायचे. पण माझी जळजळ त्यापायी नव्हती. ती निराळीच होती आणि ती कबूल करायला मला बरीच वर्षं लागली.

ते दोघं एकमेकांशी बोलायचे. दिवसभर. चाळीस वर्षांचा संसार झालेली माणसं, आणि त्यांचं बोलणं संपत नव्हतं. आमच्या घरात आबा आईशी भिंतीकडं बघून बोलायचे. आणि माझ्या विजेच्या दिव्याखाली काय चालायचं तर असं:

"चहा?"

"ठेव."

"भाजी काय करू?"

"कर काहीही."

मी एकदा काय केलं, उसाच्या कडेला त्यांच्या गाडीमागं उभा राहून ऐकलं. पदवीधर माणूस, चोरून ऐकत होतो. मला वाटलं, एवढं बोलतात म्हणजे काहीतरी असणार.

"कळंबच्या पाण्यात डाळ शिजत न्हाय," अक्का म्हणत होत्या.

"शिजती. जळण वलं हुतं."

"जळण कुणी आणलं हुतं?"

"म्या."

"मग?"

"मग काय. डाळ चांगली हुती."

आणि दोघंही हसले. बास, एवढंच. पुढं एका बैलाच्या कानावर, मग जावयाच्या मिशीवर. यासाठी मी अर्धा तास मुंगळे चावून घेतले. काही मोठं बोलत असते तर बरं वाटलं असतं. ते मला शिकून तरी घेता आलं असतं.

घरी येताना बायको म्हणाली, "अक्का सांगत हुत्या, गाडीत बसलं की बोलायला सुचतं. हितून तितं जाताना." आणि मग, "आपुन एकदा जाऊया का त्यांच्यासंगं? इंदापूरपतोर?"

"मला तपासायचे पेपर आहेत," मी म्हणालो. पेपर नव्हते.

त्याच वर्षी शाळेच्या आवारात फळबाग करायचं ठरलं. राहून देखभाल करील असा माणूस हेडमास्तरांना हवा होता. आवारात एक दगडी खोली रिकामी होती. मी लगेच तात्यांचं नाव सुचवलं. हेडमास्तरांनी माझी पाठ थोपटली. आबा म्हणाले, "पोरगं शिकलं त्याचं चीज झालं." आणि मी मनात म्हणत होतो, बघू चार भिंतींत हे किती बोलतात.

कळंबला असताना अक्का तीन दिवस तापानं फणफणल्या होत्या. ते मला माहीत होतं. मी बागेत सगळ्यांसमोर तेवढं काढलं. "तात्या, उद्या रानात पुन्हा असं झालं तर? डॉक्टर कुठून आणणार? बारामतीत दवाखाना आहे."

अक्कांनी चुलीत उगाच एक काटकी सारली.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी मला विहिरीवर गाठलं. "मास्तर, खरं सांगू? माझा जीव न्हाय लागायचा खोलीत. पर तापापासनं ती दमलीया. तिला खोली हवी असंल. मी व्हय म्हणतो. तिला मातुर ह्ये सांगू नगा."

मी मान हलवली. तासाभरानं गाडीपाशी गेलो तर अक्कांनी चहाची कपबशी हातात दिली आणि हळूच म्हणाल्या, "बाबा, त्यांचं गुडघं कुरकुरत्यात. बोलत न्हाईत, पर मला कळतंय. मला भिंती नगोत रं. तीस वरसं कालव्यावरच्या चौकीच्या भिंती बघितल्या. पर त्यांच्यासाठी व्हय म्हनते. त्यांच्याफुडं बोलू नगंस."

सगळ्या जगाशी आणि एकमेकांशी बोलणारी दोन माणसं, आणि ही एकच गोष्ट त्यांनी एकमेकांना न सांगता मला सांगितली. का, तर मी शिकलेला. गुपित राखणारा. मधे मी होतो. एक वाक्य पुरलं असतं.

मी चहा संपवला आणि म्हणालो, "चहा छान झालाय."

पाडव्याला ते खोलीत राहायला आले. बैल पणदऱ्याला आबांच्या गोठ्यात ठेवले. गाडी शाळेच्या मागं उभी केली आणि चाकांना दगड लावले. पहिले आठ दिवस गेले. नववा दिवस उजाडला तेव्हा मी मुद्दाम लवकर शाळेत गेलो. तात्या रोपांना पाणी घालत होते. अक्का दारात तांदूळ निवडत होत्या.

"तात्या, बरं आहे ना?"

"बरं हाय की. पाणी जवळ हाय."

अक्कांना विचारलं तर, "बरं हाय बाबा. छप्पर पक्कं हाय."

हळूहळू बोलणं आटलं. भांडण झालं असतं तर आवाज तरी आला असता. प्रत्येक जण दुसऱ्याला सुखात ठेवत होता आणि ते मोडू नये म्हणून जपून, तोलून बोलत होता. जपून बोलायला लागलं की बोलण्यासारखं फार काही उरत नाही. तात्या बागेत, अक्का खोलीत. "जेवता का?" "वाढ." मी मधल्या सुट्टीत खिडकीतून बघायचो. माझ्या मनासारखं झालं होतं. मला आनंद झाला, हेही लिहून टाकतो. दीडेक महिना टिकला तो.

बेंदूर आला. तात्या आणि अक्का बैलांसाठी पणदऱ्याला आले, आम्हीही आलो होतो. तात्यांनी बैल धुतले, शिंगांना हिंगूळ लावला. अक्कांनी पुरणपोळीचा घास केला. एका बैलानं तो घेतला आणि मग तात्यांचा खांदा ओला होईपर्यंत चाटला. आधी असं काही झालं असतं तर अक्कांनी दुपारभर तेवढ्यावरून त्यांना छळलं असतं. अक्का हात धुऊन आत गेल्या. तात्या गोठ्याच्या मेढीला टेकून बसले.

परतताना बायको म्हणाली, "आता तितं बी आपल्यासारखंच झालंय."

ती चिडून बोलली नाही. रस्त्यावर दगड आहे म्हणून सांगावं तसं बोलली. पण मला माझं घर कसं दिसतं ते त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं, आणि तेही घरातल्याच माणसानं.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी मी खोलीपुढं जाऊन उभा राहिलो. तात्या पायरीवर बसून खुरप्याला धार लावत होते.

"तात्या, अक्कांना ही खोली नको होती," मी म्हणालो. "त्यांनी तुमच्या गुडघ्यांसाठी होकार दिला. त्यांनी मला तेव्हाच सांगितलं होतं."

खुरपं थांबलं. तात्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. मान मागं वळवून ओरडले, "अगं ये, ऐकलंस का? मास्तर काय म्हणत्यात बघ!"

"काय म्हणत्यात?" अक्का पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"तुला म्हणं खोली नगो हुती!"

"मला? आवं, तुमास्नी हवी हुती!"

"मला कशाला? तू तापानं पडल्यालीस म्हणून मी..."

"आन् मी तुमच्या गुडघ्यापायी!"

"गुडघ्याला काय धाड भरलीया?"

"कुरकुरत्यात की! मला ऐकू येत्यात!"

"मग इचारायचं मला!"

"तुमी सांगायचं हुतं!"

आणि ते सुरू झालं. शाळेची घंटा झाली, पोरं प्रार्थनेला उभी राहिली, तरी त्यांचं चालूच. चार महिन्यांचं साठलेलं. मधेच अक्का रडल्या, मधेच तात्या मांडीवर थाप मारून हसले, डाळ निघाली, जावई निघाला. मी पायरीखाली उभा होतो. कुणी बस म्हटलं नाही. मी तिथं असल्याचं दोघांच्याही लक्षात राहिलं नव्हतं. आणि तुम्हाला खरं सांगतो, इतकं सगळं करून, कबूल करून, त्या क्षणी मला पुन्हा तीच जळजळ झाली.

त्याच आठवड्यात बैल आले. चाकांचे दगड काढले. निघताना तात्या माझ्यापाशी आले. आवाज चढला नव्हता.

"मास्तर, आमचं एकमेकाचं एकमेकाला ठावं नव्हतं. तुमास्नी दोघांचं बी ठावं हुतं."

एवढंच बोलून ते जुवाकडं वळले.

त्यानंतर ती गाडी आमच्या बागेत आली नाही. वडगावला आल्याचं कळायचं, कळंबला आल्याचं कळायचं. आबा थंडी पडली की दरवर्षी बांधावर उभे राहायचे. "औंदा कसं आलं न्हाईत?" मला विचारायचे. "येतील," मी म्हणायचो. शिकलेल्या माणसाचं उत्तर म्हणून ते मानायचे.

दोन वर्षांनी एका मेव्हण्याच्या लग्नासाठी मी आणि बायको एस.टी.नं इंदापूरला निघालो. वाटेत बाभळींच्या ओळीखाली गाडी सुटलेली दिसली. तात्या उपड्या पाटीवर बसले होते, अक्का उभ्यानं हात नाचवत काहीतरी सांगत होत्या. एस.टी.ची धूळ त्यांच्या अंगावर गेली तरी त्यांनी वर पाहिलं नाही.

बायको उभीच राहिली. "आवं, तात्या-अक्का! थांबवा की गाडी!"

मी कंडक्टरला हाक मारली नाही. "मला तोंड दाखवता येणार नाही तिथं," मी म्हणालो.

"का?"

"सगळ्यांदेखत नाही सांगता येणार."

ती खाली बसली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. लग्नात ती माझ्याशी बोलली नाही. तशीही फार बोलत नसे, पण त्या दिवशी बोलत नव्हती हे कळत होतं. अक्षता पडल्या, जेवणं झाली आणि स्टँडवर आल्यावर तिनं पिशवी माझ्या हातात दिली. "मी त्या बाभळीपाशी उतरनार हाय. तुमी यायचं तर या."

उन्हं कलली होती. आम्ही दोघंही उतरलो. बाभळीखाली कुणी नव्हतं. चाकोऱ्या डांबरी रस्त्यापर्यंत आलेल्या दिसत होत्या, पुढं कुठं गेल्या ते डांबरावर कळत नव्हतं. एस.टी. निघून गेली. पुढची दोन तासांनी होती.

बायकोनं पदरानं एक दगड झटकला आणि त्यावर बसली. शेजारचा दुसरा दगड झटकून मला दाखवला.

"बसा," ती म्हणाली. "आता हितं कुणी न्हाय. सांगा."