शिडीवरून पडलेले दोघे

माझा भाऊ आत गेला तेव्हा आमचा जिल्हा छिंदवाडा होता, आणि सुटला तेव्हा पांढुर्णा. मधल्या काळात तो होता तिथेच होता, जिल्हाच हलला. बाहेर आल्यावर मी त्याला ही बातमी सांगितली तर म्हणाला, "अगोदरच झाला असता तं बरं झालं असतं, तुले भेटीले जेल जवळ पडलं असतं." दहा वर्षांची शिक्षा, त्यातली चार-साडेचार भोगलेली, आणि सुटकेच्या दिवशी माणसाला सुचलं ते हे. आमच्या घराण्यात योग्य वेळी योग्य ते बोलणं कुणालाच जमलेलं नाही. त्यात माझा पहिला नंबर.

मी पांढुर्ण्याला शाळेत शिकवते. माहेर सौंसर तहसिलीत, मोहगावच्या अलीकडे. वडील आणि काका वेगळे झाले तेव्हा संत्र्याची बाग मधोमध वाटली गेली. विहीर वाटता येईना, म्हणून ती सामायिक राहिली. एक दिवस पाणी आमचं, एक दिवस त्यांचं. पुढे वडील गेले, काका गेले आणि पाळ्या माझ्या भावाकडे आणि चुलतभावाकडे आल्या. मी दोघांनाही राखी बांधायची. चुलतभाऊ सगळ्यांत धाकटा, त्यामुळे तो जरा जास्तच लाडका होता.

पाळीचा आमच्याकडे एक नियम आहे: तुमच्या दिवशी विजेची लाईन गेली तर ते तुमचं नशीब, दुसऱ्याच्या दिवसातून भरपाई मागायची नाही. त्या वैशाखात आंब्या बहाराची फळं बोराएवढी झाली होती. अशा वेळी पाणी चुकलं की झाडाखाली फळांचा सडा पडतो. माझ्या भावाच्या लागोपाठ दोन पाळ्या लाईनीनं खाल्ल्या. त्याच्या दुसऱ्या दिवशी पाळी चुलतभावाची, तरी भाऊ म्हणाला, आज मोटर माझी. चुलतभाऊ पाण्याचा दांड वळवायला फावडं घेऊन आला होता. भावाच्या हातात काठी होती, कारण आमच्याकडे शेतात सापाच्या भीतीनं कुणी रिकाम्या हातानं जात नाही. फावड्याचा पहिला फटका भावानं डाव्या हातावर झेलला आणि हाड मोडलं. फावडं दुसऱ्यांदा वर गेलं तेव्हा त्यानं उजव्या हातानं काठी फिरवली, एकदाच. ती डोक्यावर बसली. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, गवत कापणाऱ्या बाईनं आरडाओरडा ऐकून मान वर केली ती नेमकी तेव्हा. म्हणून तिनं काठी पाहिली, फावडं पाहिलं नाही.

भांडण तिथंच संपलं. रक्त पाहून दोघंही भानावर आले आणि एकाच मोटरसायकलवर बसून माझ्याकडे आले. गाडी डोकं फुटलेल्यानं चालवली, कारण हात त्याचेच धड होते. सौंसर जवळ होतं, पण तिथे ओळखीचे फार.

काकू, म्हणजे चुलतभावाची आई, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी त्या आठवड्यात माझ्याच घरी होती. दोघांनी ओट्यावर बसून तिला आणि मला सगळं खरं खरं सांगितलं. मधून मधून एकमेकांचं चुकलेलं दुरुस्तही केलं. काकूनं ऐकून घेतलं, दोघांनाही एकेक शिवी दिली आणि मला आत बोलावून म्हणाली, "मारामारी म्हणशील तं दवाखान्यातून कागद ठाण्यात जाईन. शिडीवरून पडले म्हण."

"दोघंही?"

"मंग एकाले कुठून पाडतं?"

मलाही पटलं. घरची गोष्ट घरात राहावी. शिकलेली मी, म्हणून बोलायचं काम माझ्याकडे आलं.

डॉक्टर बाहेरचे होते. "दोनों एक ही सीढ़ी से?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, एक पडत होता, दुसरा धरायला गेला. कंपाउंडर इथलाच, पोळ्यानंतरच्या गोटमारीत दगडांनी फुटलेली डोकी दरवर्षी पाहणारा. तो म्हणाला, "गोटमार को तो अभी चार महिने हैं," आणि टाक्यांचं सामान काढायला गेला. वैशाखात संत्र्याला शिडी लावून कुणी काय तोडतं, हे त्याला ठाऊक असणारच, पण त्यानं नुसता ट्रे आणून ठेवला. मग डॉक्टरनं चुलतभावाच्या डोक्याकडे पाहत विचारलं, किती उंचावरून पडला? मला वाटलं, जितकं कमी सांगावं तितकं बरं. म्हटलं, फार नाही, तिसऱ्या-चौथ्या पायरीवरून. त्यांनी टाके घातले, बोटं मोजायला लावली. त्यानं बरोबर मोजली. उलटी झाली तर लगेच आणा, म्हणाले. भावाच्या हाताला प्लास्टर घातलं आणि दोघांच्याही कागदावर लिहिलं, शिडीवरून पडून.

संध्याकाळी दोघंही माझ्याकडे कढी-भात जेवले. चुलतभाऊ भावाला म्हणाला, "तुहा हात बरा होईस्तोर तुह्या पाळीचं पाणी मीच वळवतो, काय चिंता करून राहिला?" मला इतकं बरं वाटलं की मी शेजारणीकडून दही आणून पुन्हा कढी केली. उलटी त्याला झालीच नाही. तो नुसता झोपत राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी उठवायला गेले तर उठेना. नागपूरला नेताना सावनेर यायच्या आधीच गेला.

ठाण्यात काकूनं माझ्या भावाचं नाव सांगितलं. काठीचं सांगितलं, फावड्याचं नाही. यासाठी मी तिला कधी दोष दिला नाही. मेलेल्या पोराच्या हातात कोणती आई फावडं देईल?

सौंसरला खटला चालला. गवत कापणाऱ्या बाईनं काठी पाहिल्याची साक्ष दिली. आमच्या वकिलाचा एकच मंत्र होता: सगळं नाकारा. भावानं मग सगळंच नाकारलं, भांडण झालंच नाही म्हणाला. भांडणच नाही म्हटल्यावर स्वतःचा जीव वाचवायला काठी उगारली, हे सांगायची सोय उरली नाही. सरकारी वकिलानं विचारलं, मग हात कसा मोडला? आणि स्वतःच दवाखान्याचा कागद दाखवून उत्तर दिलं: शिडीवरून पडून, सख्ख्या बहिणीनंच सांगितलंय. मला साक्षीला कुणी बोलावलं नाही आणि मी आपण होऊन गेले नाही. नोकरी सरकारी होती हे एक कारण. दुसरं, खरं सांगायचं म्हणजे काकूच्या तोंडावर तिच्या पोरानं आधी हात उचलला असं म्हणायचं. कारणं चांगली होती. पण खरी गोष्ट एवढीच की मी भ्याले. भावाला दहा वर्षं झाली.

अपील जबलपूरला. तिथल्या वकिलानं फाइल वाचली आणि पहिलाच प्रश्न केला, "वैशाख में सीढ़ी लगाकर तोड़ क्या रहे थे?" एवढ्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी बसल्या जागी सगळं सांगून टाकलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, बचाव बनता है बहनजी, मगर आपको बोलना पड़ेगा. त्यांनी अर्ज केला. हायकोर्टानं सांगितलं, बहिणीची साक्ष खालच्याच कोर्टानं नोंदवावी आणि वर पाठवावी.

तर मी पुन्हा सौंसरच्या कोर्टात. काकू समोरच्या बाकावर. पोरगा गेल्यापासून ती माझ्याशी बोलली नव्हती. माहेरी गेले की एकाच आंगणात ती तिच्या दारात आणि मी माझ्या, मधे तुळस. मी शपथ घेतली आणि फावड्यापासून मोटरसायकलपर्यंत सगळं सांगितलं. काकू जमिनीकडे पाहत होती. सरकारी वकिलानं उलटतपासणीत विचारलं, "अस्पताल में झूठ बोलने को किसने कहा था?"

काकूनं मान वर केली. मी म्हटलं, "किसी ने नहीं. मैंने अपने मन से कहा."

एक खोटं निस्तरायला गेलेल्या साक्षीत अशी दुसऱ्याची भर पडली. ते टाइप झालं, मला वाचून दाखवलं गेलं आणि मी खाली सही केली. अक्षर माझं चांगलं आहे.

निकाल आमच्या बाजूनं लागला. वकिलानं फोनवर समजावून सांगितलं. हाताच्या एक्स-रेमध्ये जे हाड मोडलेलं दिसतं ते वार अडवताना मोडतं. पंचनाम्यात दांडा चिरलेलं फावडं पहिल्या दिवसापासून होतं, ते कुणी नीट वाचलंच नव्हतं. फटका एकच, तोही जीव वाचवायला. मी विचारलं, आणि माझी साक्ष? ते म्हणाले, कोर्टानं ती बाजूला ठेवली. जी बाई एकदा खोटं बोलल्याचं स्वतःच कबूल करते, तिच्यावर विसंबणं बरं नाही. मी म्हटलं, बरोबर आहे. पोरांना मी वर्गात हेच शिकवते.

भाऊ घरी आला त्या आठवड्यात मी गावी गेले. तो बागेत होता. झाडं चार वर्षांत बरीच वाळली होती, तो त्यांची सल, म्हणजे वाळक्या फांद्या, काढत होता. मी आंगणात कपडे वाळत घालत होते. काकू तिच्या दारातून उठली, तुळशीला वळसा घालून माझ्याजवळ आली आणि बालदीतलं एक लुगडं उचलून पिळायला लागली. मला रडू आलं, ते मी ओल्या टॉवेलात पुसलं.

"तू माहं नाव नाही घेतलं कोर्टात," ती म्हणाली.

मी टॉवेल दोरीवर टाकला.

"बाई, एक विचारू काय? त्या दिवशी काठी लागली म्हणून सांगतलं असतं, तं डॉक्टरानं डोक्याचा फोटो काढाले लावला असता. नागपूरले धाडलं असतं." तिनं लुगडं झटकलं. "वाचला असता काय वो माहा पोरगा?"

"नाही काकू," मी म्हटलं. "मी डॉक्टरले विचारलं. कितीही केलं असतं तरी वाचला नसता."

तिनं माझ्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग "बरं," म्हणाली आणि लुगडं दोरीवर टाकून आपल्या दारात जाऊन बसली.

मी डॉक्टरांना कधीच विचारलेलं नाही. एकदा गेले होते, नंबर लावला, बाकावर बसले. माझं नाव पुकारलं तेव्हा उठून घरी आले.