मे महिन्यातला हीटर

आमच्या जळगावच्या पिंप्राळ्यात मे महिन्याच्या दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. अशा उन्हात गाडीचा हीटर पूर्ण सोडून, चारही काचा खाली करून आणि डोक्यावर ओला टॉवेल टाकून गाडी हाकणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे शेजारी नाना. पहिल्यांदा त्यांच्या गाडीत बसले तेव्हा पायांवर भट्टीची हवा यायला लागली. मला वाटलं, म्हातारा चुकून भलतंच बटण दाबून बसलाय. मी सांगितलं, "नाना, हीटर चालू राहिलाय." ते शांतपणे म्हणाले, "मीच चालू करेल शे."

गाडी विलायती होती, बाटलीसारख्या हिरव्या रंगाची, आमच्या दोघींच्या वयापेक्षा मोठी. दोघी म्हणजे मी आणि माझी पतपेढीतली मैत्रीण, जिला मी एकदा हौसेनं या गाडीत बसवलं आणि जी पुन्हा कधी बसली नाही. नाना दोंडाईच्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मॅनेजर होते. जिनिंग बंद पडलं, मालकाची मुलं परदेशी गेली आणि ही गाडी शेडमध्ये कोंबड्यांना बसायला उरली. नानांनी ती मागून घेतली आणि जळगावला आणली. जिथे बर्फ पडतो त्या देशासाठी बनवलेली गाडी जळगावच्या उन्हात आणायची आणि मग जन्मभर तिचं डोकं थंड ठेवत बसायचं, हा उद्योग कुणी आपणहून का पत्करावा, हे मला तेव्हाही कळलं नाही.

हीटरमागचं शास्त्र मात्र त्यांनी मला समजावून दिलं. इंजिनाभोवती जे पाणी खेळतं ते उकळायला आलं की हीटरची चावी सोडायची. मग तेच पाणी हीटरच्या नळ्यांतून फिरतं, त्याची गरमी गाडीत येते आणि इंजिनाचा जीव हलका होतो. तापमानाचा काटा खाली उतरतो. "ताप आत दाबी ठेवाना नही, माय," नाना म्हणायचे, "बाहेर काढाना." मला ते म्हणायचे माय, माझ्या नवऱ्याला म्हणायचे भाऊ, आणि गाडीला म्हणायचे 'ती'.

इथेच सगळा घोटाळा होता. कारण बायकोलाही नाना 'ती'च म्हणायचे. त्यांच्या पिढीच्या रिवाजाप्रमाणे बायकोचं नाव त्यांनी लग्नातल्या उखाण्यानंतर घेतलं नसावं. गल्ली तिला अक्का म्हणायची, पण नानांच्या तोंडी 'ती'. आता अंगणात एक ती उभी, स्वयंपाकघरात दुसरी ती, आणि नाना मधल्या ओट्यावर बसून म्हणणार, "ती आज तपी गयी शे, कोनी जोडे जाऊ नका." ती तापलीय, जवळ जाऊ नका, यातून आपण काय समजायचं? मी एकदा अक्कांचा राग शांत करायला कैरीचं पन्हं घेऊन गेले, तर अक्का मजेत शेवया वाळवत होत्या आणि नाना बॉनेट उघडून बसले होते. पन्हं शेवटी नानांनी प्यायलं.

आणखी एकदा सकाळी भिंतीपलीकडून हाक आली, "माय, ती बठी गयी शे, उठत नही!" मी कंबरेला लावायचा बाम घेऊन धावत सुटले. टायर बसलं होतं. अक्का दारात उभ्या राहून पोट धरून हसल्या. "अगं, मी बसले तर हे एवढ्या जोरात ओरडतील का?" त्या म्हणाल्या. त्या जळगावच्याच, माहेर जुन्या गावातलं, बोलणं शहरी. नानांच्या अहिराणीला त्या पन्नास वर्षं नावं ठेवत होत्या आणि पन्नास वर्षं नाना ते बरोब्बर अहिराणीतच ऐकून घेत होते.

गाडीच्या पाण्याबद्दल नानांचे नियम देवघरापेक्षा कडक. बोअरिंगचं पाणी गाडीला वर्ज्य, कारण त्याचा क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरतो आणि नळ्या बुजतात. गाडीला फक्त नळाचं पाणी, तेही फडक्यातून गाळून. आता आमच्याकडे नळ रोज कुठे येतो? येईल त्या दिवशी नाना आधी गाडीचे कॅन भरायचे, मग घरातला माठ. "आपल्याला बोअरिंगचं चालतं," अक्का सांगायच्या, "तिचे मात्र चोचले." पण त्या चिडलेल्या कधी वाटल्या नाहीत. मला त्यांचंही काही कळायचं नाही.

दुसरा नियम होता तो सर्वांत मोठा. गाडी कितीही तापली तरी तिच्यावर गार पाणी ओतायचं नाही. तापलेल्या लोखंडाला गार पाण्याचा धक्का बसला की इंजिन तडकतं, आणि तडकलेलं इंजिन परत जुळत नाही. दोंडाईच्याला एका ट्रकचं इंजिन असं तडकताना नानांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. ती गोष्ट ते आल्यागेल्याला सांगायचे. तापली की सावलीत उभी करायची, तोंड वाऱ्याकडे, बॉनेट उघडं, आणि हात मागे बांधून थांबायचं. "आपला हात खाजस," ते म्हणायचे, "पन थांबानं." हे मात्र मला पटायचं. माझ्या घरातल्या भांडणांना मी तो नियम लावून पाहिला आणि बऱ्यापैकी चालला.

गाडीत अक्का नेहमी पुढे, नानांच्या शेजारी बसायच्या. हीटरची हवा नेमकी तिथेच पायांवर यायची. मी एकदा म्हटलं, "अक्का, मागे बसा ना, मी पुढे बसते." त्या म्हणाल्या, "मी मागे बसले तर हे बोलतील कोणाशी? गाडीशी?" मग स्वतःच म्हणाल्या, "बोलतीलही."

त्या वर्षी मे महिन्यात नानांच्या पुतणीचं लग्न धुळ्याला होतं. नवरीची पाठवणी आपल्या गाडीतून करायची, असा शब्द नानांनी देऊन ठेवला होता. गोरज मुहूर्त होता, म्हणजे पोचायची तशी घाई नव्हती, पण नाना पहाटेच निघणार होते. ऊन चढायच्या आत धुळं गाठायचं, हा त्यांचा उन्हाळ्यातला नेम. माझ्या नवऱ्याला सुट्टी नव्हती, म्हणून लग्नाला मी त्यांच्याबरोबर निघाले. आणि नेमका त्या पहाटे नळ आला नाही. कॅन रिकामे. बोअरिंगचं पाणी भरून निघू, असं मी सुचवलं. नानांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी हातातला कॅन परत जागेवर ठेवला. नळ आला तेव्हा दुपार होत आली होती. अक्का नेसून, वेणी घालून केव्हापासून ओट्यावर बसल्या होत्या. घाम पुसून पुसून त्यांचं कुंकू पसरलं होतं.

एरंडोल येईपर्यंत काटा चढायला लागला. नानांनी हीटर सोडला. बाहेरून झळा, आतून भट्टी, आणि समोर ट्रकमागे ट्रक. मी मागच्या सीटवर ओढणी ओली करून तोंडावर घेतली. पारोळ्याच्या अलीकडे नानांनी दोनदा गाडी सावलीत थांबवली आणि इंजिन निवल्यावर कॅनमधलं पाणी घातलं. अक्कांना मी बाटली पुढे केली तर त्या म्हणाल्या, "नको गं, मळमळतंय." मग त्या गप्प झाल्या. मला वाटलं, डुलकी लागली. नानांचा सगळा जीव त्या काट्यात होता. पारोळं मागे पडलं आणि काटा हळूहळू खाली यायला लागला. नानांनी स्टिअरिंगवर थाप मारली. "उतरनी!" ते ओरडले. "उतरनी ती! पाही ले, माय!"

मी पाहायला पुढे वाकले आणि माझा हात अक्कांच्या दंडाला लागला. दंड तव्यासारखा तापलेला आणि कोरडा होता. घामाचा थेंब नाही. मान खिडकीकडे कलंडलेली. मी हाक मारली, हलवलं. त्या काहीतरी पुटपुटल्या, पण डोळे उघडले नाहीत.

नानांनी गाडी समोरच्या ढाब्याच्या लिंबाखाली घातली. आम्ही दोघांनी मिळून अक्कांना बाजेवर आडवं केलं. मी गाडीतला कॅन ओढला, झाकण काढलं आणि ओतणार तेवढ्यात नानांनी माझं मनगट धरलं. म्हाताऱ्याच्या हातात एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं.

"थंडं पानी टाकू नको! तडकी जाई!"

मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. ते चेष्टा करत नव्हते. त्यांनी अक्कांचं तोंड वाऱ्याकडे वळवलं, पदर सैल केला आणि हात मागे बांधून उभे राहिले. थांबले. मग एकदम म्हणाले, "टाक." मी कॅन उचलला. "नही, नही, थांब!" पुन्हा म्हणाले, "टाक वं." पुन्हा माझा हात धरला. त्यांच्या डोळ्यांसमोर काय होतं, ते ट्रकचं इंजिन की आणखी काही, मला सांगता येणार नाही. मीही तशी गोंधळलेलीच होते. इतकी वर्षं या माणसाचं ऐकायची सवय लागलेली, न जाणो खरंच काही होत असेल तर?

ढाबेवाल्याला असले प्रश्न पडले नाहीत. त्याने हौदातून भरलेली बादली अक्कांच्या अंगावर उपडी केली, लगेच दुसरी आणली आणि पोऱ्याला न सांगता स्वतःच टेबल-फॅन ओढत आणला. पहिली बादली पडली तेव्हा नाना किंचाळले. तो आवाज मी विसरू शकत नाही.

ढाबेवाल्याच्याच जीपमधून, वाटेत अंगावर पाणी मारत, आम्ही धुळ्याला दवाखान्यात पोचलो. डॉक्टरांनी अक्कांना आत घेतलं आणि भराभर विचारायला सुरुवात केली. कधीपासून तापल्या? नाना म्हणाले, "एरंडोलपासून चढाले लागनी." मध्ये पाणी दिलं होतं? "दोनदा पाजं. पारोळ्याना अलीकडे." किती? "अर्धा अर्धा कॅन." डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. मला जरा वेळाने उलगडा झाला. "डॉक्टर, ते गाडीचं सांगताहेत," मी म्हणाले. "यांनी काहीच प्यायलेलं नाही." नानांनी माझ्याकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं. आपण काय बोललो ते त्यांना तेव्हा कळलं असावं. ते तिथेच बाकावर बसले.

ऊन लागलं होतं, आणि चांगलंच लागलं होतं. त्या बादल्यांनी वेळ सावरली, डॉक्टर म्हणाले. अशा वेळी माणसाला लवकरात लवकर गार करायचं असतं, वाट बघायची नसते. नाना ऐकत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी मला विचारलं, "गाडीले चालत नही, मानुसले चालस. असं कसं, माय?" मी काहीतरी सांगितलं, लोखंड वेगळं, शरीर वेगळं. ते त्यांना पोचलं नाही. मग ते हळू आवाजात म्हणाले, "हीटरनी हवा बठ्ठी तिना पायवर जाये. इंजिनना ताप मी तिले देत बठनू. मी तिले मारी टाकतू का वं?"

या वेळी 'ती' कोण, हे विचारावं लागलं नाही. मी "नाही हो नाना" म्हटलं, पण ते मलाच खोटं वाटलं, आणि खरं काय ते मला आजही ठरवता येत नाही.

पुतणीची पाठवणी भाड्याच्या गाडीतून झाली. अक्का चार-पाच दिवसांत घरी आल्या आणि आल्या आल्या सोफ्यावरची धूळ बघून कामवालीवर तापल्या. नानांची गाडी ढाब्यावरून कुणीतरी आणून दिली. त्यानंतर नानांनी ती उन्हाळ्यात बाहेर काढली नाही, आणि मग हिवाळ्यातही नाही. नळ आला की ते आधी माठ भरायचे. कुणी गाडीबद्दल सल्ला विचारला तर पूर्वी तासभर बोलणारा माणूस आता म्हणायचा, "मेकॅनिकले इचार, भाऊ. मले वाटे, मले बठ्ठं समजस." मला सगळं समजतं असं वाटायचं, हे त्यांचं बोलणं मला सोसायचं नाही. त्यापेक्षा ते हीटर सोडून ओरडत होते तेच बरं होतं, असं मनात यायचं, आणि असं वाटण्याचीही लाज वाटायची.

मागच्या थंडीत नाना गेले. झोपेतच गेले, कुणाला त्रास न देता. गाडी नाशिकचे एक हौशी गृहस्थ घेऊन गेले. तिला ट्रकवर चढवताना अक्का बाहेर आल्या नाहीत.

परवा मी त्यांच्याकडे बसले होते. विषय निघाला आणि इतके दिवस मनात असलेलं मी बोलून गेले. म्हटलं, "अक्का, त्या दिवशी मी पाणी ओतत होते आणि नानांनी माझा हात धरून ठेवला. तुमच्या जिवावर बेतलं होतं. तुम्हाला राग नाही आला कधी?"

अक्का पापड लाटत होत्या. त्यांनी लाटणं बाजूला ठेवलं.

"अगं, मला सगळं ऐकू येत होतं. डोळे उघडत नव्हते एवढंच. टाक म्हणायचे, थांब म्हणायचे, पुन्हा टाक म्हणायचे. मी ऐकत होते आणि मला इतकं बरं वाटलं, काय सांगू तुला. ती गाडी किती वेळा बंद पडली, किती वेळा उकळली, पण तिच्यापुढे हे कधी गोंधळले नाहीत. माझ्यापुढे गोंधळले."