इनासदादाच्या छातीतला ताल

इनासदादा कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी बोटांनी वाजवून बघायचा. कलिंगड, पत्र्याचा डबा, एकदा तर माझं डोकंसुद्धा. पाचूबंदरच्या कोळीवाड्यातला हा माणूस लग्नाच्या बँडमध्ये ढोल वाजवायचा. एरवी वसईतल्या एका दुकानात आम्ही दोघं रेडिओ दुरुस्त करायचो. एकोणीसशे ऐंशीच्या आसपासची गोष्ट.

घरी त्याने दोन जुने टेपरेकॉर्डर एकमेकांना जोडले होते. ढोलावर थाप मारली की ती यंत्रातून जड होऊन पुन्हा पुन्हा परत यायची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा भरदुपारी माझ्या अंगावर काटा आला.

"भितोस कशाला?" तो हसला. "आपलाच आवाज हाय. जरा फिरून आला."

मग एकदा त्याने डॉक्टरांच्या छाती तपासायच्या नळीत माइक बसवला आणि ती छातीला लावली. स्पीकरमधून धप्प-धप्प सुरू झालं. मध्येच एक ठोका गळला. पाठोपाठ दोन आले, एकमेकांवर आदळत.

"दादा, डॉक्टरला दाखव," मी म्हणालो.

"येडा का? असा ताल कोनाला सुचनार नाय!"

सणाच्या आठवड्यात गावच्या हॉलमध्ये तो हेच वाजवणार होता. मी घाबरून त्याच्या बायकोला, कात्रीनवहिनीला, सगळं सांगितलं. ती मासे साफ करत राहिली.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी त्याने नळीतला माइक दोन्ही टेपरेकॉर्डरना जोडला आणि दादाची छाती हॉलच्या भिंतींवर धडकू लागली. वर त्याचा ढोल. पोरं आयांना बिलगली, म्हाताऱ्या क्रुसाची खूण करू लागल्या. अचानक ढोल थांबला. दादाचे हात हवेतच राहिले. ठोके मात्र येत होते, एकेक, विरत जाणारे. त्यातला खरा कुठला आणि यंत्राने परतवलेला कुठला, काही कळेना.

वहिनी धावली आणि तिने वायर उपटली.

सगळं गप्प झालं. त्या शांततेने तीच पांढरीफटक पडली. तिने त्याच्या छातीवर कान टेकला. "बोल! काय तरी बोल!"

दादा घामाने निथळत होता. त्याच्या डोळ्यांत भीती मी तेव्हाच पाहिली. "कात्री," तो पुटपुटला, "मला पन कळत नव्हतं, माझा कुठला."

दुसऱ्या दिवशी तो निमूट दवाखान्यात आला. औषधांवर आणखी काही वर्षं जगला. गेला तो दुपारच्या झोपेत. वहिनी शेजारीच जाळं विणत बसली होती. तिला काहीच ऐकू आलं नाही.