दसऱ्याला बसवलेला वायसर

आमच्या घाटकोपरच्या बिल्डिंगमधले फिटर भावजी कुणाकडेही गेले, की बसायच्या आधी किचनमधला नळ उघडून बंद करून बघतात. थेंब पडला नाही, तरच चहा घेतात.

नळ गळूच नये असा वायसर त्यांनी स्वतः डोकं लावून बनवला, पेटंटही मिळवलं. पुढे एका बड्या कंपनीच्या नळात हुबेहूब तोच निघाला, तेव्हा या एकट्या माणसाने कंपनीवर केस ठोकली. कंपनी म्हणते, अर्जाच्या आधीपासूनच लोक हा वायसर वापरत होते, म्हणून पेटंटच रद्द करा.

वापरत होतोच आम्ही! काही नवीन बनवलं, की दसऱ्याला आधी देवापुढे आणि मग शेजाऱ्यांकडे, ही त्यांची रीत. अर्ज मात्र दिवाळीनंतर केला.

कंपनीने मला साक्षीला बोलावलं, तेव्हा मी म्हटलं, "भावजी, मी संक्रांतीला बसवला सांगते. कोणाला कळतंय?"

"नको वहिनी. दसऱ्याला बसवलाय, दसराच सांगा."

"अहो, केसची वाट लागेल!"

"लागू दे. पण वायसर माझा आहे ना, त्याच्याबद्दल खोटं नको."

कोर्टात मी दसराच सांगितला. कंपनीचा वकील खूश झाला. खात्री करायला त्याने विचारलं, "नक्की तोच वायसर अजून आहे?"

"तोच. सात वर्षांत एक थेंब गळला नाही."

मी मागे बघितलं. शेवटच्या बाकावर ते केस जिंकल्यासारखे हसत होते.