हगाम्याच्या मैदानावरचे उकिरडे

भिमाजी पहिलवानासारखा हट्टी माणूस मिरजगावच्या आसपास दुसरा झाला नाही, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन. गावात यात्रेला कुस्त्यांचा हगामा भरायचा, त्या मैदानाची राखण पंचायतीनं त्याच्याकडं दिली होती. बहात्तरच्या दुष्काळात हगामा दोन वर्षं बंद पडला आणि तेवढ्यात गावानं मैदानावर हातपाय पसरले. चौदा उकिरडे! त्यातला एक आमचा, खोटं कशाला बोलू?

चौऱ्याहत्तर साली पाऊसपाणी बरं झालं. पंचांनी बजावलं, आठ दिवसांत मैदान मोकळं झालं तरच हगामा, नाहीतर कायमचा बंद. भिमाजीचा जीव खालीवर. त्याची उमेदीची सगळी वर्षं त्या मातीत गेलेली. दारोदार जाऊन त्यानं हात जोडले. सगळे व्हय व्हय म्हणाले नि कुणी हललं नाही.

मग गड्यानं दवंडी दिली: उद्यापासून जो उकिरडा मैदानात दिसेल, तो मालकाच्या भाऊबंदाच्या रानात जाईल. आम्ही हसलो. सकाळी त्यानं पहिली गाडी भरली ती आमचीच. ज्या चुलतभावाशी माझा बांधावरून दावा चालू, त्याच्या रानात माझं खत! माझा नुसता तळतळाट झाला. ते बघून बाकीचे बाराजण आपापल्या गाड्या जुंपून पळत सुटले, नि दिवस मावळायच्या आत मैदान साफ.

एक उकिरडा तेवढा राहिला. तो खुद्द भिमाजीच्या बायकोचा, भागूबाईचा निघाला, आणि या भल्या माणसाला पत्ताच नाही! भागूबाई खालच्या आवाजात म्हणाली, आपल्याच रानात नेऊ. सगळं गाव बघत होतं. भिमाजीचा भाऊबंद म्हणजे त्याचा सख्खा धाकटा भाऊ गोरक्ष, आणि विहिरीच्या पाण्यावरून नऊ वर्षं दोघांचं बोलणं बंद होतं. भिमाजीनं बैल जुंपले. मग त्यानं गाडी भरली आणि गोरक्षच्या रानाकडं वळवली. आम्ही मागं मागं.

गोरक्ष बांधावर बसला होता. भिमाजी खाली मान घालून एकटाच खत ओढू लागला. थोड्या वेळानं गोरक्ष उठला.

"दादा, एकट्याला उरकंल व्हय?" म्हणाला आणि फावडं घेऊन पुढं आला.

यंदाच्या हगाम्यालाही दोघे भाऊ शेजारी बसले होते. माझंही खत चुलतभावाच्या रानात गेलं होतं, पण ते काही मी नेऊन टाकलं नव्हतं. आमचा दावा अजून चालू आहे.